थंडी दोन तासांची, खेळ साडेचार तासांचा

मागच्या डिसेंबरात धाकटे भाऊजी ठाण्याहून आले ते सिमल्याच्या सहलीसाठी घेतलेला थर्मलचा जोड बॅगेत घालूनच. "वहिनी, तुमच्या रायपूरची थंडी म्हणे हाडात शिरते," असं म्हणत दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी आधी बनियन, त्यावर ते जाड सुती थर्मल, त्यावर पूर्ण बाह्यांचा स्वेटर आणि सगळ्यावर जॅकेट चढवलं. डोक्याला माकडटोपी. साडेसहाला नवा रायपूरच्या गोल्फ कोर्सवर पहिल्या टीपाशी ते ऐटीत उभे होते आणि मी शेजारी काकडत होते. पाचव्या होलला त्यांनी जॅकेट काढलं, सातव्याला स्वेटर, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की जे काढायला हवं ते सगळ्यात आत आहे. मोकळ्या मैदानात आडोसा शोधणार कुठे? घामाने चिंब झालेलं थर्मल तसंच अंगात ठेवून ते पुढे चालत राहिले. तळ्याकडून वाऱ्याची झुळूक आली की चांगलं ऊन असूनही अंग चोरत होते. आमची बॅग घेऊन चालणारा कॅडी जवळच्याच गावचा. गालात हसत म्हणाला, "अतेक झन पहिरव, साहेब." एवढं घालू नका, साहेब.

त्याचं ऐकलं तर अर्धा लेख वाचायची गरज नाही. उरलेला अर्धा मग काय घालायचं, याचा.

रायपूरच्या थंडीचा स्वभाव आधी ओळखायला हवा. जानेवारीत इथलं किमान तापमान सरासरीने १२-१३ अंशांवर असतं; उत्तरेचा वारा सुटला की ते ८-९ पर्यंतही उतरतं. आणि त्याच दिवशी दुपारी पारा २७-२८ वर असतो. अंबिकापूरची किंवा मैनपाटची थंडी दिवसभर पिच्छा पुरवते, तसं इथे होत नाही. शिवाय आकाश निरभ्र असलं की जमीन रात्रभर आपली उष्णता सोडत राहते, त्यामुळे दिवसाचा नीचांक मध्यरात्री येत नाही, सूर्योदयाच्या आगेमागे येतो. जानेवारीत सूर्य उगवतो पावणेसातच्या सुमाराला. म्हणजे साडेसहाची टी-टाइम घेणारा माणूस दिवसातली सगळ्यात गार घटका निवडूनच मैदानात उतरतो. नऊला अंगावर ऊन असतं आणि साडेदहाला झाडाची सावली बघून थांबावंसं वाटतं. अठरा होल चालत खेळायला चार ते साडेचार तास लागतात आणि पायाखालून आठ-दहा किलोमीटर जातात. एवढ्या वेळात हवा दहा-बारा अंशांनी तापते आणि आपण घरून निघताना जे घातलं तेच घालून असतो.

आमचं मैदान म्हणजे फेअरवे गोल्फ अँड लेक रिसॉर्ट, २०२५ मध्ये व्यावसायिक गोल्फपटूंच्या पीजीटीआय टूरची छत्तीसगढ ओपन स्पर्धा झाली तेच. उघडा माळ आणि शेजारी पाणी. बुढा तालाबाभोवती सकाळी फिरणाऱ्यांना जी थंडी लागते त्याहून इथली चिमूटभर जास्तच, कारण वाऱ्याला अडवायला घरं नाहीत आणि गवतावर दहिवर साचलेलं असतं.

परदेशी गोल्फ मासिकांत थंडीच्या कपड्यांवर भरपूर लिहिलेलं सापडतं, पण ते स्कॉटलंडसारख्या मुलखासाठी. तिथे हिवाळ्यात पाच-सहा अंश म्हणजे दिवसभर पाच-सहा अंश, वर पावसाची झड. त्यांना ऊब साठवायची असते. आपल्याला पहिले दोन तास निभवायचे असतात आणि पुढच्या अडीच तासांत घामाची वाट लावायची असते. म्हणून आतला कपडा घेताना दुकानदाराला "हे किती गरम?" असं मी विचारत नाही. "हे ओलं झालं तर किती वेळात वाळतं?" असं विचारते. बहुतेक दुकानदार चमकून बघतात.

ऊब कापडात नसते, कापडात अडकलेल्या स्थिर हवेत असते. इथल्या खेड्यांत कथरी शिवतात ती आपल्या वाकळेची बहीणच. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक टाचलेले, आणि थरांच्या मधली हवा माणसाला रात्रभर सांभाळते. त्या हवेची जागा पाण्याने घेतली की खेळ संपला, कारण पाणी हवेपेक्षा वीस-पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेतं. भाऊजींच्या थर्मलचं नेमकं तेच झालं. त्यात गोल्फची चाल अशी की चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं. धावणारा माणूस धावत राहतो आणि थांबला की घरी जातो. आपण मात्र दोन-अडीचशे पावलं तरातरा चालतो आणि पुढच्या चौघांचं पटिंग संपेपर्यंत पाच मिनिटं नुसते उभे. घाम चालताना येतो, गारठा थांबल्यावर लागतो.

आता धागा. नेहमीच्या हवेत सुती धागा आपल्या वजनाच्या साधारण साडेआठ टक्के ओल धरतो, लोकर सोळा टक्क्यांच्या आसपास आणि पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. या आकड्यांवरून लोकर सगळ्यात वाईट ठरायला हवी, पण तसं होत नाही. लोकर घामाची वाफ धाग्याच्या पोटात घेते. धाग्याचा पृष्ठभाग कोरडा लागतो आणि त्याचे कुरळे वेढे ओले असतानाही फुललेले राहतात, म्हणून हवा अडकून राहते. सुती कापड पाणी तसंच पितं, पिऊन लोळागोळा होतं आणि पाठीला चिकटतं. पॉलिएस्टर काही पीतच नाही. घाम त्याच्या धाग्यांच्या फटींतून बाहेरच्या बाजूला पसरतो आणि उडून जातो. त्या दिवशी घरी आल्यावर मी भाऊजींचं थर्मल आणि माझा पॉलिएस्टरचा टॉप एकाच वेळी पिळून गच्चीवरच्या दोरीवर टाकले. दुसरा चहा होईपर्यंत टॉप वाळला. थर्मलची मनगटं आणि बगला दुपारच्या जेवणानंतरही ओल्या लागत होत्या. यानंतर भाऊजींना वेगळं काही समजवावं लागलं नाही.

पण त्यांचं थर्मल बदललं असतं तरी एक घोळ राहिलाच असता, तो म्हणजे आतली बनियन. आपल्या पुरुषांना बनियनशिवाय शर्ट घालणं म्हणजे अर्धवट कपडे घातल्यासारखं वाटतं. चांगलं महागाचं घाम बाहेर टाकणारं इनर आणतात आणि त्याच्या आत सुती बनियन घालतात! मग कातडीला लागून कोण? तीच सुती. इनरपर्यंत घाम पोचतच नाही. बायकांच्या बाबतीत हेच दुखणं स्पोर्ट्स ब्राचं. आत सुती अस्तर किंवा जाड पॅड असलेली ब्रा सगळ्यात शेवटी वाळते आणि छातीशी ओला पट्टा बांधल्यासारखं होतं. कातडीला जे लागतं तो पहिला थर, हे पक्कं धरा आणि खरेदी तिथून सुरू करा. इनरच्या आत दुसरं काही नाही.

बनियन सुटतच नसेल तर जाळीची घ्या. हे ऐकून आमच्या घरात सगळे हसले होते, कारण जाळीची बनियन म्हटलं की त्यांना आमचे आजोबा आठवतात. पण १९३३च्या सुमाराला हेन्रिक ब्रुन नावाच्या नॉर्वेच्या लष्करी अधिकाऱ्याने मासे धरायच्या जाळ्यापासून असाच अंगरखा करून पाहिला होता, आणि १९५३च्या एव्हरेस्ट मोहिमेच्या सामानात जाळीच्या बनियनी होत्या. तत्त्व सोपं आहे. भोकांत हवा थांबते, कातडीला लागणारं कापड थोडं, म्हणून भिजायलाही थोडंच. वरून अंगासरशी बसणारा पातळ टॉप घातला की ती हवा जागेवर राहते. गोलबाजारातल्या जुन्या होजिअरीच्या दुकानात विचारा. पुढे मांडलेली नसली तरी आतल्या खोक्यातून निघण्याचा संभव आहे. सुतीच मिळेल, पण भरीव सुती बनियनपेक्षा खूप बरी.

आतल्या टॉपची जाडी कापडाच्या वजनावर बघतात, म्हणजे एका चौरस मीटरला किती ग्रॅम. चांगल्या मालाच्या लेबलवर हा आकडा असतो. रायपूरच्या सकाळसाठी १२० ते १६० पुष्कळ झाले. २०० चं कापड मैनपाटला किंवा अमरकंटकला मुक्काम असेल तर घ्यावं. २५० आणि त्यापुढचं लेह-लडाखला जाणाऱ्यांनी. दुकानात हात फिरवून 'छान जाड आहे' असं वाटलं की आपण फसलो समजायचं, कारण हात एसी दुकानात फिरतो आणि अंग नवव्या होलला उन्हात असतं. आतून रोवाळ, म्हणजे ब्रश मारून लव काढलेलं कापड मिळतं ते थंडीत स्कूटर चालवणाऱ्याला उत्तम. चालून खेळणाऱ्याला नको.

मेरिनो लोकर घ्यावी का, असं बरेच जण विचारतात. मेरिनोचा बारीक धागा १७ ते १९ मायक्रॉनचा असतो. आपल्या घोंगडीची लोकर अंगाला टोचते, कारण जाड, ३० मायक्रॉनच्या वरचं केसाचं टोक वाकत नाही, कातडीत रुततं. मेरिनो वाकते, म्हणून टोचत नाही. तिला घामाचा वासही लवकर धरत नाही, आणि सलग चार दिवस खेळायला बाहेरगावी जाणाऱ्याला हा गुण फार मोलाचा. पण पॉलिएस्टरच्या कितीतरी पट किंमत. रायपुरात खरी गार सकाळ डिसेंबरचा उत्तरार्ध आणि जानेवारी एवढीच, त्यात रविवार मोजा. मी स्वतः मेरिनोवर पैसे घातलेले नाहीत आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. घ्यायचीच असेल तर १५० ग्रॅमची, बिनबाह्यांची किंवा अर्ध्या बाह्यांची घ्या, बारीक विणीची.

आपल्याकडे चांपा-कोरब्याचा कोसा आहे, तो का नको? रेशीमही ओल बऱ्यापैकी धरून अंगाला कोरडं लागतं, हे खरं. पण कोसा मागावर विणलेला असतो, ताणला जात नाही. आतून घातला की बॅकस्विंगला काखेत ओढतो, आणि शिवण उसवली तर जीव हळहळतो तो वेगळाच. गळ्याभोवती मात्र कोशाचा रुमाल गुंडाळून बघा. मफलरपेक्षा हलका, आणि काढला की खिशात मावतो.

खरेदीला बहुतेक मंडळी पंडरीला जातात. थंडीत तिबेटी विक्रेत्यांची गरम कपड्यांची दुकानं लागतात, तिथे स्वेटर आणि टोप्या चांगल्या मिळतात. माल बऱ्याचदा लुधियान्याचा, ॲक्रिलिकचा. बाहेरचा थर तिथून घ्यायला हरकत नाही. आतला थर मात्र खेळाच्या कपड्यांच्या दुकानातून घ्यावा, आणि गोल्फचंच लेबल हवं असा हट्ट नको. धावणाऱ्यांसाठी किंवा फुटबॉलवाल्यांसाठी असतो तोच माल बऱ्याचदा स्वस्त पडतो. आधी लेबल वाचा. पॉलिएस्टर किंवा नायलॉन आणि त्यात पाच ते दहा टक्के इलास्टेन असेल तर पुढे बघायचं. 'कॉटन रिच' लिहिलं असेल तर घडी घालून परत द्यायचं. मग कापड उजेडाकडे धरा. वीण बारीक आणि सगळीकडे सारखी दिसली पाहिजे. तोंडाला लावून फुंकर मारा, हवा पलीकडे गेली पाहिजे. काखेतली आणि खांद्यावरची शिवण आतून बोटाने चाचपा. चपटी हवी. जाड, उभी शिवण अठरा होलनंतर काखेत लाल रेघ उठवते. बाही गळ्यापासून तिरकी निघालेली असेल, म्हणजे रॅग्लन, तर खांद्यावर शिवण येतच नाही. हा कट मिळाला तर तोच घ्या.

आणि ट्रायल रूममध्ये नुसतं आरशात बघू नका, स्विंग करा. जागा कमी असते, आरसा सांभाळून. डावा खांदा हनुवटीखाली येईपर्यंत वळा, मग हात डोक्यावर न्या. टॉप पँटीतून वर सुटून आला तर लांबीला कमी आहे. खोचलेला राहायला हवा, नाहीतर वाकून टी रोवताना कमरेला वारा लागतो. पाठीवर कापड चिमटीत धरता येईल इतकंच सैल. अंगाला सुटलेलं असेल तर घाम कापडापर्यंत येत नाही. फार आवळलं तर दीर्घ श्वास घेताना कळतंच.

यानंतरचा मुद्दा माझ्या मते धाग्यापेक्षाही मोठा आहे, तो काढण्याच्या क्रमाचा. बहुतेक क्लबांत कॉलरचा टी-शर्ट लागतो. तेव्हा साडेनऊला अंगावर शेवटी काय उरणार हे आधी ठरवायचं: कॉलरचा पोलो आणि त्याच्या आत पातळ इनर. हे दोन काढता येणार नाहीत, म्हणून हे दोन उन्हात चालतील एवढेच हलके हवेत. जी ऊब सकाळी जास्तीची लागणार ती सगळी पोलोच्या बाहेर असली पाहिजे. म्हणून मी आत पूर्ण बाह्यांचा टॉप घालत नाही. बिनबाह्यांचा इनर, वर पोलो, त्यावर बिनबाह्यांचं चेनचं जॅकेट, आणि हातांना आर्म स्लीव्ह. याच आर्म स्लीव्ह रायपुरातल्या मुली एप्रिल-मेच्या ४३-४४ अंशांत स्कूटरवर ऊन लागू नये म्हणून घालतात. तुमच्या घरात एखादा जोड पडलेला असणारच. जानेवारीत सकाळी बारा अंशांत तोच जोड मनगटापासून दंडापर्यंत ऊब देतो, आणि चौथ्या होलला खेळ न थांबवता, ग्लोव्ह काढून, एका हाताने सरकवून खिशात टाकता येतो. खांदा मोकळाच राहतो, त्यामुळे स्विंग आखडत नाही. जाड बाह्यांच्या स्वेटरात वळायला जो अडथळा होतो तो आपण चेंडू थंडीत कमी जातो म्हणून हवामानावर ढकलतो. थंड हवा दाट असते आणि गार चेंडू कमी उसळतो हे खरं, पण सगळा दोष त्यांचा नसतो. चेंडू मुद्दाम गरम करून खेळायचा मोह मात्र टाळा, नियमात बसत नाही.

कार्टमधून फिरणाऱ्यांचा हिशेब उलटा. त्यांना चालण्याची ऊब मिळत नाही आणि वर कार्टचा वारा लागतो. त्यांनी बाहेरचा एक थर, वारा अडवणारा, जास्त घ्यावा. आतला तोच ठेवावा. साठीपुढच्यांनी आणि रक्तदाबाची गोळी चालू असणाऱ्यांनी गार सकाळी एकदम पहिल्या टीवर जाऊन ड्रायव्हर फिरवू नये. दहा मिनिटं चाला, खांदे फिरवा, मग जॅकेट काढायचं की नाही ते ठरवा. छातीत दुखणं, धाप असं काही होत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

पायांना आत टाइट्स घालण्याची इथे गरज नाही. पाय थंड पडतात ते दहिवराने. पहिल्या तीन होलमध्ये बूट आणि पँटीच्या कडा भिजतात आणि तो गारवा वर चढतो. सुती मोजे नकोत. लोकरीचे किंवा पॉलिएस्टरचे घाला आणि एक कोरडा जोड बॅगेत ठेवा. नवव्या होलनंतर चहा घेताना मोजे बदलले की नवा माणूस झाल्यासारखं वाटतं. हातांचं म्हणाल तर एका हातात ग्लोव्ह असतोच, उघडा राहणारा दुसरा. फटक्यांच्या मधल्या वेळात त्यावर साधा लोकरी हातमोजा चढवायचा.

धुण्याचं थोडं. पॉलिएस्टरला घामाचा वास लवकर लागतो, म्हणून कपडे बॅगेत दाबून ठेवू नका, त्याच दिवशी थंड पाण्यात धुवा. कपडे मऊ करणारं सुगंधी द्रव्य घालू नका. त्याचा थर धाग्यावर बसतो आणि घाम पसरेनासा होतो. मेरिनो असेल तर पिळायची नाही, दोरीवर टांगायची नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायची आणि सावलीत आडवी पसरायची. ठेवून देताना खडखडीत वाळलेली हवी. आपला पावसाळा दमट असतो आणि लोकरीला कसर लागते. कडुनिंबाचा वाळलेला पाला किंवा डांबराच्या गोळ्या टाकून घट्ट बंद पिशवीत ठेवा.

भाऊजी परत जायच्या आदल्या दिवशी पुन्हा आले होते मैदानावर. आत माझ्या मुलाचा धावायचा टॉप, हातांत माझ्या आर्म स्लीव्ह, त्या थोड्या आखूड पडल्या. सातव्या होलला त्यांच्या अंगावर पोलोच्या वर काही नव्हतं आणि दहाव्याला ते पाण्याची बाटली मागत होते. माकडटोपी मात्र अकराव्यापर्यंत टिकली.

फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत हा सगळा पसारा आवरता येतो. आर्म स्लीव्ह तेवढ्या कपाटात टाकू नका. होळीनंतर स्कूटरवर त्याच लागतात.